जुन्या एटीव्हीचा ऑइलचा लाल दिवा गरम झाल्यावर लागतोय, फवारणी तोंडावर आहे

निफाडची_बाग
मंडळी नमस्कार, घाईत लिहितोय सांभाळून घ्या. महिन्यापूर्वी सेकंडहँड एटीव्ही (चार जाड टायरांची, मोटारसायकलसारखी चालवायची गाडी) घेतली, आधी ती अलिबाग साइडला बीचवर राइडला चालायची. चार स्ट्रोक 400 सीसी, कार्बोरेटरवाली. द्राक्षाच्या बागेत दोन ओळीत 9 फूट अंतर आहे त्यामुळे मागे छोटी टाकी आणि पंप बांधून आरामात फिरते आणि ट्रॅक्टरने माती दबते तशी दबत पण नाही, म्हणून घेतली. आता गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) होऊन पंधरा दिवस झालेत, रोज ढग, डाऊनी म्हणजे केवडा रोगाची भीती, एक दिवस फवारणी चुकली तरी घड जातात. आणि नेमका चार दिवसांपासून ऑइलच्या चित्राचा लाल दिवा लागायला लागलाय.

सकाळी थंड असताना चावी फिरवली की लागतो, स्टार्ट केली की विझतो. वीस-पंचवीस मिनिटं पहिल्या गिअरमध्ये हळूहळू चालवली की आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) लुकलुकतो, मग लागूनच राहतो, रेस केली की जातो. ऑइल मी लगेच बघितलं, कमी अजिबात नाही उलट डिपस्टिकवर वरच्या खुणेच्याही वर आहे, म्हणजे ऑइलचा प्रश्न नाही असं मी धरून चाललोय. घेतल्यापासून एक थेंब टाकलेलं नाही. गावातला मेकॅनिक म्हणतो सेन्सर खराब आहे, वायर काढून टाक आणि चालव. काढू का?

वायरिंगवाला_सोलापूर
दादा वायर कायमची काढू नका पण टेस्टसाठी दोन मिनिटं जरूर काढा. मेकॅनिक ज्याला सेन्सर म्हणतो तो ऑइल प्रेशरचा स्विच, त्याचं काम अगदी साधं असतं, आत प्रेशर नसलं की तो वायरला इंजिनच्या बॉडीला अर्थ करतो आणि दिवा लागतो, प्रेशर आलं की आतला कॉन्टॅक्ट सुटतो आणि दिवा विझतो. म्हणून इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा आणि स्विचवरची वायर ओढून काढा. दिवा विझला तर वायरिंग ठीक आहे. वायर काढूनही लागलेलाच राहिला तर वायर कुठेतरी चेसीला घासून सोललीय. बीचवरची गाडी आहे म्हणता तर कपलर (वायरचा जोड) उघडून आत हिरवा गंज आहे का तेही बघा, खाऱ्या हवेत तांब्याची वायर आतल्या आत खाल्ली जाते. स्विच स्वतः पण जातो, दोन-तीनशे रुपयांत कामचलाऊ मिळून जातो.

रेवदंड्याचा_मेस्त्री
थांबा थांबा, सगळ्यांनी दिव्याकडेच बघितलं. निफाडकर, तुम्हीच लिहिलंय की ऑइल वरच्या खुणेच्या वर आहे आणि तुम्ही एक थेंब टाकलेलं नाही. मग ते वाढलं कुठून? इंजिनमध्ये ऑइल आपोआप वाढत नसतं भाऊ. आत्ता जाऊन डिपस्टिक काढा आणि नाकाशी धरा. पेट्रोलचा वास आला तर गाडी अजिबात स्टार्ट करू नका.

आमच्याकडे बीचवर अशा बऱ्याच गाड्या येतात म्हणून सांगतो. टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल उताराने येतं. कार्बोरेटर भरला की पेट्रोल अडवणारी फ्लोटची निडल झिजली किंवा तिच्यात वाळूचा कण अडकला की पेट्रोल थांबतच नाही, रात्रभर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू राहिला की मॅनिफोल्डमधून (इंजिनकडे जाणाऱ्या नळीतून) सिलिंडरमध्ये आणि तिथून रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पाण्यासारखं पातळ होतं. थंड असताना ते कसंबसं प्रेशर धरतं, गरम झालं की आयडलला धरत नाही. तुमचा दिवा अगदी तसाच वागतोय. दिवा खरं बोलत असण्याची शक्यता मला जास्त वाटते, आणि तो बंद पाडून चालवलीत तर क्रँकचं बेअरिंग जाईल, मग जेवढ्याला गाडी घेतली तेवढा खर्च समोर येतो.

आधी कॉक बंद करा. ऑइल काढताना जवळ विडी-काडी नको, आणि स्वच्छ पांढऱ्या घमेल्यात काढा म्हणजे चमकी (धातूचे कण) आहे का ते उन्हात दिसेल. बारीक करडी राख क्लचची असते तिला घाबरू नका, पण सोनेरी-चंदेरी कण दिसले तर इंजिन खोलावं लागेल. साइडच्या कव्हरमागे ऑइलची जाळी असेल तर ती पण धुवा, भाड्याच्या गाड्यांची जाळी कोणी उघडलेलीच नसते.

कॅलगरीकर
मेस्त्रींशी शंभर टक्के सहमत. इकडे थंडीत मशीन महिनोन्महिने उभी राहते, माझ्या जुन्या मशीनला हेच झालं होतं. एक भर घालतो, नवीन ऑइल टाकल्यावर अंदाजावर राहू नका, स्विच काढून त्याच भोकात मेकॅनिकल गेज लावून प्रेशर मोजा. पण आटे बघून घ्या, जपानी इंजिनांना बहुतेक वेळा 1/8 बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे) असतात, इंचाला 28 आटे, आणि बाजारात गेज बरेचदा 1/8 एनपीटीचं (अमेरिकन मापाचं) मिळतं त्याला 27. दोन-तीन फेरे बसतं म्हणून जोर लावला तर ॲल्युमिनियमचं भोक फाटतं. आणि कारचं एनर्जी कन्झर्व्हिंग लिहिलेलं ऑइल नको, तुमचा क्लच ऑइलमध्ये भिजलेला असेल तर तो घसरेल. डब्यावर जासो एमए (ऑइलमध्ये भिजणाऱ्या क्लचसाठीची खूण) बघून घ्या, ग्रेड मॅन्युअलमधला.

निफाडची_बाग
मेस्त्री, तुमचे पाय धरावे वाटतायत. डिपस्टिकला वास होताच, मी आधी हुंगलंच नव्हतं. वायरची टेस्ट पण केली, काढल्यावर दिवा विझला, म्हणजे वायरिंग नीट. ऑइल काढलं तर मॅन्युअलप्रमाणे 2 लिटर यायला पाहिजे तिथे अडीचच्या वर निघालं आणि बोटांवर चिकटतच नव्हतं. चमकी नाही, देवाची कृपा. जाळी मात्र अर्धी बुजलेली, कापसासारखा थर आणि वाळू. निडलच्या टोकाला नखाला लागेल अशी गोल खाच पडलेली. निडल-सीट, फिल्टर, ऑइल सगळं नवीन टाकलं. गेजसाठी नाशिकहून अडॅप्टर आणला, अर्धा तास गरम करून आयडलला 1 किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास आणि रेसला 3 च्या वर दाखवतं. दिवा गेला. उद्या पहाटे फवारणीला काढू ना?

रेवदंड्याचा_मेस्त्री
मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवून बघा आणि बसत असेल तर खुशाल काढा. दोन गोष्टी. कोपऱ्याकोपऱ्यात थोडं पेट्रोल मिसळलेलं जुनं ऑइल राहिलेलं असतंच, म्हणून पाच-सहा तास चालली की हे ऑइल पण काढून टाका, पैशाकडे बघू नका. आणि एअर फिल्टरचा डबा उघडा, वाळू जाळीपर्यंत आली म्हणजे ती तिकडूनच ओढली गेली असणार, फोम फाटलेला असेल तर पहाटेच्या आधी तो बदला. रोज संध्याकाळी कॉक बंद. चावीला चिठ्ठी बांधून ठेवा, गडी माणसं विसरतात.

निफाडची_बाग
फोम खालच्या बाजूने फाटलेलाच निघाला. तालुक्याला एकाकडे मिळतोय, आत्ताच निघतो.