एम.एस्सी. गणितानंतर संशोधन करायचे आहे, पण सिद्धता स्वतःहून सुचत नाहीत

प्रश्न

मी तालुक्याच्या ठिकाणी एम.एस्सी. गणिताच्या प्रथम वर्षात शिकते. पहिल्या सत्रात रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये चांगले गुण मिळाले, परंतु ते बव्हंशी नोट्स पाठ करून मिळवलेले आहेत, याची मला जाणीव आहे. प्रमेयाचे विधान थोडे बदलून विचारले, तर सुरुवात कोठून करावी हेच कळत नाही. मला पुढे पीएच.डी. करायची आहे. त्यासाठी नेटची (राष्ट्रीय पात्रता परीक्षेची) शिकवणी आताच लावावी, की आधी पाया पक्का करावा? कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

मी पदव्युत्तर वर्गाला अ‍ॅनालिसिस शिकवतो आणि ही अडचण दरवर्षी पाहतो. माझ्या अनुभवात तिचे मूळ बहुधा एकाच ठिकाणी सापडते: व्याख्येतील ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक तरी’ या शब्दांच्या क्रमाकडे विद्यार्थ्याचे लक्ष गेलेले नसते. कंटिन्युइटी (फलनाचे सातत्य) आणि युनिफॉर्म कंटिन्युइटी (एकसमान सातत्य) यांच्या व्याख्या आपण एकदा मराठीत लिहून पाहाव्यात. पहिलीत बिंदू आणि एप्सिलॉन (फलनाच्या मूल्यांत चालणारा फरक) दोन्ही हाती आल्यावर डेल्टा (त्यासाठी बिंदूंमध्ये राखायचे अंतर) शोधायचा असतो. दुसरीत केवळ एप्सिलॉनवरून डेल्टा ठरवावा लागतो आणि तो सर्व बिंदूंना पुरावा लागतो. प्रत्येक कुलपाला आपापली चावी असणे वेगळे आणि सगळी कुलपे एकाच चावीने उघडणे वेगळे. हा भेद मनात ठसला की ‘एक्सचा वर्ग’ हे फलन संपूर्ण वास्तव रेषेवर युनिफॉर्मली कंटिन्युअस का नाही, हे पुस्तक न उघडता सिद्ध करता येते: ‘एन’ आणि ‘एन + १/एन’ यांच्यातील अंतर शून्याकडे जाते, पण त्यांच्या वर्गांतील फरक नेहमी २ पेक्षा अधिकच राहतो. आता हेच फलन ० ते १ या बंद अंतरालावर घ्या आणि वरील युक्तिवाद नेमका कोठे अडतो ते शोधा. कॉम्पॅक्टनेसची, म्हणजे येथे अंतराल बंद आणि मर्यादित असण्याची, गरज तेथेच दिसू लागेल.

प्रत्येक प्रमेयानंतर वही मिटावी, एक गृहीतक काढून टाकावे आणि विधान खोटे ठरवणारे उदाहरण स्वतः रचावे. आठवड्याला दोनच प्रमेये झाली तरी चालेल.

दुसरे उत्तर

मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षात आहे. शिकवणीची घाई करू नये, असे मलाही वाटते. नेटच्या ‘क’ भागात एका प्रश्नाचे एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर पर्याय ओळखले तरच गुण मिळतात. तेथे वर सांगितलेली प्रतिउदाहरणे रचण्याची सवयच उपयोगी पडते.

उन्हाळ्यातील एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) या गणित शिबिराला मात्र अवश्य अर्ज करावा. १९९३ पासून चालत आलेल्या या उपक्रमात एम.एस्सी. प्रथम वर्षासाठी स्वतंत्र पातळी असते, आणि तेथे शिक्षक उत्तर सांगण्याऐवजी प्रश्न विचारत राहतात. पहिले काही दिवस मी फार अस्वस्थ होते, पण फळ्यासमोर उभे राहून चुकायची भीती तेथेच गेली. पुढे नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सच्या अ‍ॅन्युअल फाउंडेशन स्कूलचाही विचार करावा. पीएच.डी.साठी नेटखेरीज राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाची शिष्यवृत्ती परीक्षा आणि टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) प्रवेश परीक्षा हे मार्ग आहेत. पुण्याला येणे शक्य असल्यास गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठान या गणित संस्थेतील व्याख्यानांची चौकशी करावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल मी वर्गमुळाचे फलन घेऊन बसले. शून्याजवळ त्याचा चढ अमर्याद वाढतो, म्हणून ते शून्यापासून पुढच्या किरणावर युनिफॉर्मली कंटिन्युअस नसणार, असे मी धरून चालले होते आणि दोन तास प्रतिउदाहरण शोधत राहिले. ते सापडेना, तेव्हा लक्षात आले की दोन वर्गमुळांतील फरक हा मूळ संख्यांतील फरकाच्या वर्गमुळापेक्षा कधीच मोठा नसतो, आणि म्हणून डेल्टा म्हणजे एप्सिलॉनचा वर्ग घेतला की पुरतो. ही सिद्धता मी कोठेही पाहिलेली नव्हती.