सोसायटी ग्रुप: ‘बनवाबनवी’ नव्याने करायचा झाला तर

ए १०२ (ॲडमिन): शनिवारी रात्री ८ वाजता गच्चीवर ‘अशी ही बनवाबनवी’ नक्की. त्यानिमित्ताने प्रश्न. हा सिनेमा आज कुणी नव्याने करायला घेतला, तर तुमची अपेक्षा काय? “हात लावू नये” हे उत्तर चालणार नाही, ते सगळ्यांचंच आहे.

बी ६०३: पहिली अपेक्षा माझी. गाजलेले संवाद पुन्हा नकोत. “धनंजय माने इथेच राहतात का” हे वाक्य नव्या सिनेमात आलं की लोक टाळ्या वाजवतील, पण हसणार नाहीत. ती ओळखीची टाळी असते. विनोदी सिनेमात पहिल्या वीस मिनिटांत ओळखीच्या टाळ्यांवरच भागवलं, तर पुढे प्रेक्षक हसायच्या ऐवजी पुढच्या आठवणीची वाट बघत बसतो.

ए ३०१: मूळ सिनेमा २३ सप्टेंबर १९८८ चा. दिग्दर्शन सचिन पिळगांवकर, लेखन वसंत सबनीस, निर्मिती किरण शांताराम, संगीत अरुण पौडवाल. आणि हे विसरू नका की तोही नव्याने केलेलाच सिनेमा आहे. हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ १९६६ चा. घर हवं, घर फक्त जोडप्यांना मिळतं, म्हणून पुरुषांनी बायका व्हायचं, ही कल्पना तिथली. म्हणजे प्रश्न “पुन्हा करावा का” हा नाहीच. सबनीसांनी काय ठेवलं आणि काय नवं घातलं, ते बघायला हवं.

सी २०४: काका, काय ठेवलं?

ए ३०१: नियम ठेवला. लीलाबाई काळभोर जागा देणार ती लग्न झालेल्यांनाच. बाकी माणसं, गाव, बोली, सगळं मराठी करून टाकलं. सरपोतदार हे पात्र बघा, धनंजयचा आधीचा तो घरमालक दुसऱ्या कुठल्या भाषेत तसाच्या तसा उभा राहणार नाही.

बी १०४: काकांच्या मुद्द्याला धरून, संकलनाच्या बाजूने लिहिते. फार्सचं, म्हणजे गोंधळावर चालणाऱ्या विनोदाचं, सगळं बळ नियमात असतं. नियम कडक, सुटायची वाट एकच, आणि ती वाट दर पंधरा मिनिटांनी बंद व्हायला हवी. बनवाबनवीत खोट्याची चढती भाजणी बघा: आधी जागेसाठी दोन बायका. मग त्या बायकांना घरात वागवायचं. मग प्रत्येकाला आपापली खरी मुलगी आवडते, तिला आपण कोण म्हणून भेटायचं? आणि शेवटी त्या दोन बायकांपैकी पार्वतीला दिवस गेल्याचं खोटं, तिथे ‘कुणीतरी येणार येणार गं’. प्रत्येक पायरी आधीचं खोटं झाकायला रचलेली आहे. नुसता गंमत म्हणून घातलेला प्रसंग फार थोडा. नव्या लेखकाने पटकथा लिहिताना प्रत्येक प्रसंगासमोर एक ओळ लिहावी, “हा प्रसंग कुठलं खोटं झाकतो?” ज्याला उत्तर नाही तो कापायचा. गाणं असलं तरी.

बी ६०३: ताई, हे अगदी पटलं. पुन्हा केलेल्या बऱ्याच विनोदी सिनेमांत नेमकी हीच साखळी तुटते. प्रसंग सुटे सुटे होतात, स्किटसारखे.

ए ३०१: उदाहरण द्यायचं तर गुलजारांचंच. ‘दो दूनी चार’ १९६८ चा, लेखन त्यांचं. १४ वर्षांनी तीच जुळ्यांची गोष्ट घेऊन १९८२ ला ‘अंगूर’ स्वतः दिग्दर्शित केला. गोष्ट तीच, पण अंगूरमध्ये संजीव कुमार आणि देवेन वर्मा दोघेही दुहेरी भूमिकांत जुळ्यांपैकी कुठला कोण हे अंगावर न ओरडता दाखवतात. तीच जुळ्यांची गोष्ट २०२२ ला ‘सर्कस’मध्ये आली, तिथे रंग आणि आवाज वाढले, गोंधळाचा हिशोब ढिला पडला.

सी ५०२: आता सगळ्यात अवघड भाग. १९८८ ला मोबाइल नव्हता. दोन ठिकाणी एकच माणूस असायचा, तर निरोप पोचायला वेळ लागायचा, त्या वेळात पळता यायचं. आज लीलाबाई व्हिडिओ कॉल करतील. ‘हेरा फेरी’ (२०००) चा सगळा डोलारा डिरेक्टरीत चुकीचा छापलेला नंबर आणि लँडलाइन यांवर आहे. तो आज जसाच्या तसा उभा राहत नाही. इथेही तेच होईल.

सी २०४: मग १९८८ चाच काळ ठेवा की. चेतक, लुना, पुण्यातल्या पीएमटीच्या बस, पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ.

सी ५०२: दिसायला छान, पण मला ते पळवाट वाटतं. काळ सजवण्यात सगळं लक्ष जातं. रस्त्यावरच्या प्रत्येक फ्रेममधून पाट्या, तारा, गाड्या काढायच्या, म्हणून दिग्दर्शक कॅमेरा जवळ नेतो. आणि फार्सला जवळचा शॉट मारक. दार, जिना आणि तीन माणसं एकाच फ्रेममध्ये दिसायला हवीत.

ए ७०२ (वकील): आजच्या काळात करायचा तर कायद्यातच मस्त कोंडी मिळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि करार नोंदवलेला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. ऑनलाइन नोंदणीत आधार आणि अंगठा लागतो. म्हणजे खोट्या बायकोचं नाव करारात टाकताच येणार नाही.

बी १०४: वकीलसाहेब, हे पटकथेत जसंच्या तसं घ्यायला हवं! करार दोन “नवऱ्यां”च्या नावे. बायका फक्त घरात. लीलाबाईंचा विश्वास कागदावर नसून त्या बायकांवर. मग धोका लीलाबाईंकडून नाहीच, सोसायटीच्या सेक्रेटरीकडून. त्याला रजिस्टरमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाचा फोटो हवा.

सी ५०२: गेटवरचं ॲपही आहे. प्रत्येक पाहुण्याचा फोटो मालकाच्या फोनवर जातो. लिफ्टमध्ये कॅमेरा, पार्किंगमध्ये कॅमेरा. मग कपडे बदलायची जागा उरते फक्त जिना, दोन मजल्यांच्या मधला टप्पा. ती एक जागा पहिल्या अर्ध्या तासात प्रेक्षकाला नीट दाखवून ठेवली, तर शेवटी तिथे कोणी फरशी पुसत बसलेलं दिसताच सगळं थिएटर हसेल, एक शब्द न बोलता. जागा आधी न दाखवल्यास तोच शॉट वाया.

बी ६०३: आणि दाढी! आताचे हिरो सगळे दाढीवाले. बाई व्हायचं तर दाढी काढायची. मग मैत्रीण विचारणार, का काढलीस.

बी ४०१: रंगभूषेच्या बाजूने सांगते. सकाळी गुळगुळीत केलेल्या गालावर संध्याकाळपर्यंत निळसर करडी छटा येते, ती नुसत्या फाउंडेशनखाली लपत नाही. खाली नारिंगी करेक्टरचा पातळ थर द्यावा लागतो, मग वर बेस. घाम आला की नारिंगी वर येतो. हा विनोद फुकटात मिळतो आणि खराही आहे. साडीचं म्हणाल, तर नाटकात झटपट बदलाला शिवलेली साडी वापरतात, निऱ्या आधीच शिवलेल्या, कमरेला हुक. पदर मात्र पिनेने लावू नका, घाईत फाटतो. आणि कृपा करून दोन्ही “बायका” एकसारख्या सजवू नका. मूळ सिनेमात सचिनची सुधा नाजूक, लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती दणकट. त्या फरकावर निम्मं हसू आहे.

सी २०४: आज पुरुषाने साडी नेसली म्हणून हसायचं, हे जरा जुनं नाही वाटत?

बी ४०१: साडीला हसवायचं नाहीच. पुरुष अडकलाय, त्याला हसायचं. त्याला पदर सांभाळता येत नाही, दळण आणायला लागतं, शेजारणीशी बोलावं लागतं, आणि हे बायका रोज करतात हे त्याला पहिल्यांदा कळतं. पार्वतीच्या प्रसंगांत हे आहे. चालण्या-लचकण्यावर चालवलेला विनोद मात्र पाच मिनिटांत विटेल.

ए ३०१: आता माझा आवडता मुद्दा. भाषा. “हा माझा बायको पार्वती.” हे वाक्य का गाजलं? घाबरलेल्या धनंजयच्या डोक्यात समोरचा “हा” आहे आणि तोंडात “बायको”. लिंग चुकतं, तिथेच सत्य बाहेर पडतं. इंग्रजीत विशेषणाला लिंग नाही, हे होऊच शकत नाही. मराठीत तर प्रथमपुरुषी क्रियापदही उघडं पाडतं: “मी जातो”, “मी जाते”. नव्या लेखकाने हे रान पुरतं पिकवावं. सुटायच्या वाटाही मराठीतच आहेत. “आम्ही येतो” दोघांना चालतं. भविष्यकाळात “मी करीन” दोघांना चालतं. “मी भात खाल्ला” यात बोलणाऱ्याचं लिंग कळत नाही, पण “मी आलो” म्हटलं की गेलाच. एखादं पात्र सबंध प्रसंगभर भविष्यकाळात आणि “आम्ही”त बोलतंय, आणि शेवटी लीलाबाई सरळ विचारतात, “तू कधी आलीस?”

बी १०४: काका, 👏 मला हा प्रसंग आत्ताच कापायला बसावंसं वाटतंय. फक्त एक विनंती, शेवटच्या प्रश्नानंतर उत्तराआधी दोन सेकंद तरी तिच्या चेहऱ्यावर राहायचं. हल्ली पंच झाला की लगेच कट, वर “टुंग” असा आवाज. हसायला जागाच ठेवत नाहीत. थिएटरमध्ये हसू येतं आणि पुढचं वाक्य त्यात बुडतं.

सी ५०२: आवाजाचंही तसंच. तेव्हाचे सिनेमे बहुतेक नंतर डबिंगने होत, त्यामुळे वाक्याचा टायमिंग स्टुडिओत पुन्हा घासता यायचा, दोन वाक्यांतली फट कमी-जास्त करता यायची. आता जागेवरच आवाज घेतात. साडीखाली लावलेला कॉलर माइक पदराला घासून खरखरतो, मग ते वाक्य पुन्हा बोलावं लागतं आणि पहिल्या टेकचा ताजेपणा जातो. पळापळीच्या प्रसंगात माइक केसांच्या टोपात, कपाळाच्या रेषेवर लपवावा, आणि वर बूम (लांब दांड्यावरचा माइक) ठेवावाच. आणि दोघे एकदम बोलतात तिथे प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा हवा, नाहीतर संकलनात एकाचंही वाक्य सुटं निघत नाही.

ए ७०२ (वकील): हक्कांचं थोडक्यात. सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९८८ च्या सिनेमाला २०४८ अखेरपर्यंत. परवानगी निर्मात्याकडून, आणि गाण्यांचे हक्क वेगळे बघावे लागतात. नुसत्या शीर्षकाला कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ ला ‘देसी बॉइज’च्या प्रकरणात सांगितलंय. म्हणून नाव घेऊन भलतंच काही काढणं शक्य आहे, आणि चाहत्यांना राग येतो तो नेमका अशा सिनेमांचा.

सी २०४: जुन्या कलाकारांचं काय? अशोक सराफ, सचिन, सुप्रिया, निवेदिता, अश्विनी भावे सगळे आहेत.

बी ६०३: असावेत, पण जुनं वाक्य म्हणायला नव्हे. अशोकमामांना घरमालकाचं काम द्या. सरपोतदारांच्या जागी बसलेला माणूस, भाडेकरूंच्या प्रत्येक युक्तीचा वास आधीच लागणारा. पूर्ण पात्र, किमान पाच-सहा प्रसंग. आणि लक्ष्मीकांत, सिद्धार्थ रे, सुधीर जोशी, विजू खोटे यांना संगणकावर उभं करू नये. एका फोटोचीसुद्धा गरज नाही.

बी १०४: लीलाबाई कोण, यावर सगळं ठरेल. नयनताराबाईंनी ती माया खरी केली, म्हणून फसवणाऱ्यांचा राग येत नाही आणि त्यांनाच अपराधी वाटतं. तिथे विनोदी नटी शोधू नका. जी एकदाही विनोद करणार नाही, अशी बाई हवी. डोहाळजेवण मनापासून करणारी.

ए १०२ (ॲडमिन): शनिवारी मध्यंतर डोहाळ्याच्या गाण्याआधी ठेवू की नंतर?

बी १०४: आधी. गाण्यानंतर खोटं सुटायला लागतं, तिथून थांबायचं नाही.