डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २ – आर्मर, डाव आणि मतं (अनुभव धागा)

पहिला ओरिजिनल सिन २०१४ चा. पुढच्या भागासाठी खेळ बनवणाऱ्या लॅरियन स्टुडिओने २०१५ मध्ये किकस्टार्टरवर हाक दिली, वीस लाख डॉलरच्या वर रक्कम जमली, आणि १४ सप्टेंबर २०१७ ला खेळ पीसीवर आला. ऑगस्ट २०१८ च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये शेवटचा आर्क्सचा भाग बराचसा नव्याने लिहिला गेला. कथा, संवाद, संगीत यांवर फारसा वाद होत नाही. वाद होतो तो लढाईवर, आणि तोही मुख्यतः आर्मरवर.

पहिल्या भागात शत्रूला गोठवायचं किंवा पाडायचं तर ते शक्यतेवर अवलंबून होतं. दुसऱ्या भागात प्रत्येकाच्या डोक्यावर दोन पट्ट्या आल्या: फिजिकल आर्मर आणि मॅजिक आर्मर. पट्टी शिल्लक आहे तोवर त्या जातीचा परिणाम लागत नाही, संपली की हमखास लागतो. हा बदल तुम्हाला पटला का, आणि त्यावर तुम्ही पार्टी कशी बसवता, ते नेमकं लिहा. लेव्हल, स्किल, पॉइंट यांच्या तपशिलासकट. शेवटाबद्दलचे खुलासे टाळा.

घुबड

मला ही पद्धत पटते, कारण डाव आखता येतो. नॉकडाउन लागेल की नाही याची धाकधूक राहत नाही. फिजिकल आर्मर शून्य केलं की बॅटल स्टॉम्प किंवा बॅटरिंग रॅमने शत्रू पडतोच. पण याच पद्धतीमुळे पार्टी विस्कटते. दोन योद्धे आणि दोन जादूगार घेतले आणि चौघांनी एकाच शत्रूवर मारा केला, तर निम्मा डॅमेज एका पट्टीवर आणि निम्मा दुसरीवर जातो. दोन्ही पट्ट्या अर्ध्या उरतात, परिणाम एकही लागत नाही आणि शत्रूची टर्न येते.

यावर दोन उपाय. पहिला, चौघंही फिजिकल. नेक्रोमॅन्सर त्यात चपखल बसतो, कारण त्याची बरीच हल्ल्याची स्किल्स इंटेलिजन्सवर वाढतात पण डॅमेज फिजिकल देतात. दुसरा, दोन-दोनच ठेवा पण लक्ष्यं वाटून घ्या. लढाई सुरू होताच प्रत्येक शत्रूच्या दोन्ही पट्ट्या बघायच्या. जाड चिलखताच्या योद्ध्याचं मॅजिक आर्मर बहुधा कमी असतं, तो जादूगारांनी घ्यायचा. झगेवाल्यांचं फिजिकल कमी, ते योद्ध्यांनी. हा उपाय मला जास्त आवडतो, कारण त्यात खेळाच्या सगळ्या शाळा (स्किल्सचे गट: वॉरफेअर, हंट्समन, स्काउंड्रल, नेक्रोमॅन्सर, जिओमॅन्सर वगैरे) वापरल्या जातात. पहिला सोपा आहे, पण तिसऱ्या अंकापर्यंत प्रत्येक लढाई सारखी वाटू लागते.

कोरं पान

फिजिकल पार्टीबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण नव्या खेळाडूंचे पॉइंट इथेच वाया जातात. वॉरफेअर फक्त तलवारवाल्यांसाठी नाही. त्याचा प्रत्येक पॉइंट सगळ्या फिजिकल डॅमेजमध्ये ५ टक्के भर घालतो आणि ही भर वेगळी गुणली जाते. उलट टू-हँडेड किंवा रेंज्ड यांची टक्केवारी स्ट्रेंग्थ-फिनेसच्या टक्केवारीतच मिसळून बेरीज होते. म्हणून धनुर्धारी असो, खंजीरवाला असो की नेक्रोमॅन्सर, आधी वॉरफेअर १०, मग बाकीचं. हंट्समन आणि स्काउंड्रल सुरुवातीला स्किल्स शिकण्यापुरते, म्हणजे २-३ पॉइंट पुरेत.

खंजीरवाल्याने वॉरफेअर भरल्यावर स्काउंड्रलकडे वळावं. पाठीमागून मारलेला खंजीर क्रिटिकल असतोच, आणि स्काउंड्रल क्रिटिकलचा गुणक वाढवतं. धनुर्धाऱ्याला नंतर हंट्समन उपयोगी, पण उंचावर उभा असेल तरच. सपाट जमिनीवर तो बोनस मिळत नाही.

पॉलिमॉर्फचा प्रत्येक पॉइंट एक मोकळा अ‍ॅट्रिब्यूट पॉइंट देतो, त्यामुळे त्यात घातलेलं सहसा वाया जात नाही.

तिसरा तीर

वॉरफेअरचं बरोबर. आता इनिशिएटिव्हबद्दल, म्हणजे कोण आधी खेळणार ते ठरवणारा आकडा. तो वाढवायला खूप जण चौघांच्याही विट्समध्ये पॉइंट टाकतात, ते टाकू नका. या खेळात टर्न दोन्ही बाजूंना आळीपाळीने मिळतात: तुमचा एक, त्यांचा एक. सगळ्यांत जास्त इनिशिएटिव्ह ज्याचं, त्याची बाजू सुरुवात करते. त्यामुळे पार्टीत एकाचं विट्स भरपूर असलं की झालं. तो पहिला खेळतो, बाकीचे आपोआप एकाआड एक बसतात. विट्सने क्रिटिकलची शक्यता वाढते आणि पुरलेल्या वस्तू व सापळे दिसतात, म्हणून हे काम धनुर्धारी किंवा खंजीरवाल्याकडे द्यावं.

पहिल्या क्रमांकावर कोण आहे यावर सगळी लढाई ठरते. त्याने अ‍ॅड्रेनलिन घ्यावं (आता २ एपी, म्हणजे टर्नमध्ये वापरायचे अ‍ॅक्शन पॉइंट, जास्त, पुढच्या टर्नला २ कमी) आणि शत्रूंपैकी जो लगेच खेळणार आहे त्याचं आर्मर उतरवून त्याला पाडावं. सगळ्यांत ताकदवान शत्रू आधी मारण्यापेक्षा ज्याची टर्न जवळ आहे तो थांबवणं जास्त मोलाचं.

फावडं

आर्मरच्या पट्ट्यांना बगल देणारी एक जोडी: रप्चर टेंडन्स आणि चिकन क्लॉ. रप्चर टेंडन्स लागलेला शत्रू जितका चालेल तितकं त्याला पिअर्सिंग डॅमेज होतं, आणि पिअर्सिंग आर्मरला जुमानत नाही. चिकन क्लॉने त्याची कोंबडी झाली की ती सैरावैरा पळते आणि स्वतःच मरते. अट एकच: चिकन क्लॉसाठी फिजिकल आर्मर उतरलेलं हवं. मोठ्या बॉसवरही हे चालतं. क्रम मात्र पाळा, आधी टेंडन्स, मग कोंबडी, आणि त्या शत्रूची टर्न यायच्या आत.

मॅजिक बाजूला असाच उपयोगी क्लोरोफॉर्म. तो फक्त मॅजिक आर्मर खातो, आणि आर्मर नसेल तर झोपवतो. फिजिकल पार्टीत एखादा शत्रू झटपट बाजूला काढायला स्काउंड्रलचा एक पॉइंट पुरतो.

शेवाळ

जादूगारांची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. जादूगार कमकुवत नाहीत, त्यांना जमीन लागते. पाऊस पाडा, पाण्यावर वीज टाका. मॅजिक आर्मर संपलेल्याला पहिल्या झटक्याने शॉक्ड, दुसऱ्याने स्टन. रक्तातूनही वीज वाहते, आणि वाफेचा ढगही विद्युतभारित होतो. विषावर किंवा तेलावर आग टाकली की भडका. हे माहीत असतं सगळ्यांना, पण आपला योद्धा त्याच डबक्यात उभा आहे हे विसरलं जातं. म्हणून मिश्र पार्टीत योद्ध्याला आधी उडी मारू द्यायची नाही. जादूगार जमीन तयार करतात, मग तो जातो.

एलिमेंटल अ‍ॅफिनिटी हे टॅलेंट घ्याच: ज्या तत्त्वाच्या पृष्ठभागावर उभे आहात त्या तत्त्वाचं स्किल १ एपी स्वस्त पडतं. एल्फ नेक्रोमॅन्सर असेल तर फ्लेश सॅक्रिफाइसने १ एपी मिळतो, पायाखाली रक्त सांडतं आणि त्या रक्तामुळे नेक्रोमॅन्सीही स्वस्त होते. हायड्रोसॉफिस्ट व नेक्रोमॅन्सर यांचा एकेक पॉइंट असला की रक्ताचा पाऊसही शिकता येतो, मग सगळं रणांगणच तुमचं.

टॉर्चरर टॅलेंटकडे दुर्लक्ष होतं. ते घेतलं की जळणं, विष, रक्तस्राव, जखडणं असे काही परिणाम आर्मर असतानाही लागतात. आर्मरची पद्धत ज्यांना नकोशी वाटते त्यांनी जिओमॅन्सरला हे देऊन वर्म ट्रेमर वापरून बघावं.

डावखुरा

@शेवाळ, दुसऱ्या अंकातल्या ब्लॅकपिट्स या तेलाच्या जागेबद्दल लिहा की. तिथे जादूगारांची पार्टी फार हाल सोसते.

शेवाळ

ब्लॅकपिट्सची अडचण अशी की आधीच तेल साचलेलं आहे, लढाईत तेलाचे जीव बाहेर पडतात आणि आग नेक्रोफायर होते. नेक्रोफायर ही शापित आग, साध्या पाण्याने विझत नाही. त्यावर ब्लेस टाकून शाप काढावा लागतो, मग पाऊस. ब्लेसला एक सोर्स पॉइंट (सोर्स म्हणजे खेळातली खास जादुई शक्ती) जातो, म्हणून तिथे सोर्स भरूनच जा.

दुसरं, चौघांना जोडून आत नेऊ नका. साखळी सोडवा आणि एकेकाला आधीच उंच जागी उभं करा. बंदिवान ग्विडियनला जिवंत ठेवायचं असेल तर पहिल्याच टर्नला टेलिपोर्टने त्याला आगीपासून लांब, शक्यतो वर ठेवा. त्याचं आयुष्य फार कमी असतं आणि मारामारीत तोच आधी जातो. प्रत्येकाकडे निसटायचं एक स्किल हवं: टॅक्टिकल रिट्रीट (हंट्समन २), क्लोक अँड डॅगर (स्काउंड्रल २), स्प्रेड युअर विंग्ज (पॉलिमॉर्फ २). फिनिक्स डाइव्ह इथे नको, ते उतरल्या जागी आग लावतं.

आणि पंधराच्या आसपास लेव्हल झाल्याशिवाय तिकडे फिरकू नका.

डावखुरा

लेव्हलचा मुद्दा आला ते बरं झालं, कारण माझी मुख्य तक्रार तीच आहे. या भागात आकडे फार वेगाने फुगतात. दोन लेव्हल जुनं शस्त्र निरुपयोगी होतं. पहिल्या अंकात मोठ्या कष्टाने मिळवलेलं नाव असलेलं हत्यार ड्रिफ्टवूडला पोचेपर्यंत दुकानातल्या साध्या तलवारीपुढे फिकं पडतं. शोध घेण्याचं बक्षीस त्यामुळे हलकं होतं. शिवाय दुसऱ्या अंकाचा प्रदेश, रीपर्स कोस्ट, दिसायला मोकळा असला तरी प्रत्यक्षात ठरलेल्या क्रमानेच फिरावं लागतं. आधी ड्रिफ्टवूड आणि परिसर, नवव्या-दहाव्या लेव्हलला. ब्लडमून आयलंड सगळ्यांत शेवटी. एक लेव्हल वरचा शत्रू जमतो, दोन वरचा दमवतो, तीन वरच्याच्या वाटेला जाऊ नये.

उपाय: योद्धा व धनुर्धारी यांचं शस्त्र दर दोन लेव्हलला बदला, पैसे आधी तिथे घाला. जादूगाराच्या स्किल्सचा डॅमेज शस्त्रावर अवलंबून नसतो, लेव्हल आणि इंटेलिजन्सवर वाढतो, म्हणून त्याला शस्त्र शेवटी. चौघांचं आर्मर मात्र ताजं हवं, कारण या खेळात आर्मर म्हणजेच टर्न हातात राहण्याची हमी.

खिसेकापू

पैशाचा प्रश्न थीव्हरी, म्हणजे चोरीचं कौशल्य, सोडवते. नियम: एका पात्राला एका व्यक्तीचा खिसा एकदाच कापता येतो, आणि किती किमतीचा माल उचलता येईल ते थीव्हरीच्या पातळीवर ठरतं. म्हणून घाईने पहिल्या लेव्हलला व्यापाऱ्याकडे जाऊ नका. रीत अशी: पार्टीतल्या एकाने व्यापाऱ्याशी बोलायला सुरुवात करायची, म्हणजे त्याचं तोंड एका दिशेला राहतं. दुसऱ्याने नजरेच्या लाल पट्ट्याबाहेरून, वाकून मागे जायचं. माल घेतल्यावर चोराने लगेच लांब जायचं, कारण चोरी लक्षात आली की तो आसपासच्यांची झडती घेतो. व्यापाऱ्याशी बोलणाऱ्याने गप्पा जरा लांबवाव्यात.

दुसऱ्या अंकापासून लेडी व्हेंजन्स जहाजावरच्या आरशात फुकट आणि हवं तितक्या वेळा पॉइंट बदलता येतात. तेव्हा खरेदीच्या दिवशी सगळे नागरी (लढाईबाहेरच्या कौशल्यांचे) पॉइंट थीव्हरीत, नंतर परत. चोरी करायची नसेल तर व्यापाऱ्याला व्यवहारात थोडं सोनं नुसतं द्या. त्याचं मत सुधारतं आणि भाव उतरतात.

नदीकाठ

पहिल्या अंकासाठी थोडं, कारण फोर्ट जॉय हा मला अख्ख्या खेळातला सर्वोत्तम भाग वाटतो. तिथला गाविन नावाचा कैदी टेलिपोर्टचं साधन मागतो, ते किनाऱ्यावरच्या तीन मगरींपैकी एकीकडे मिळतं: हातमोजे. ते गाविनला देऊन टाकू नका, स्वतः वापरा. घातले की अ‍ॅरोथर्जचा एकही पॉइंट न घालता टेलिपोर्ट येतं. शत्रूच्या जादूगाराला उचलून आपल्या योद्ध्यांमध्ये आणायचं, किंवा आपल्या माणसाला तटापलीकडे टाकायचं. किल्ल्यातून निसटायच्या वाटा अनेक आहेत आणि एका मोज्याने त्यातल्या कित्येक उघडतात. रचनाकारांनी अशी वस्तू इतक्या लवकर हातात दिली, हा खेळाडूवर टाकलेला विश्वास आहे.

पेट पॅल टॅलेंट कुणातरी एकाला द्याच. उंदीर, कुत्रे, अस्वलं यांच्याकडे बातम्या असतात आणि काही कामं त्यांच्याशिवाय पुरी होत नाहीत.

साथीदार फेनला किंवा कुठल्याही अनडेडला (चालत्या-बोलत्या सांगाड्याला) चेहरा झाकणारं शिरस्त्राण घाला, नाहीतर लोक हल्ला करतात. अनडेडला बरं करणाऱ्या जादूने इजा होते, विषाने बरं वाटतं. विषाच्या कुप्या त्याच्या पिशवीत ठेवा. तो बोटांनीच कुलूप उघडतो, लॉकपिक लागत नाही. बुटांना खिळे जोडले की बर्फावर घसरत नाही, ते मात्र चौघांचे करा.

पार्टी कोणाची ठेवायची ते जहाजावरच ठरवा. पुढे गटाबाहेरचे साथीदार कायमचे जातात. हा निर्णय मला अजूनही पटत नाही. सेबिल, लोहसे, इफान, रेड प्रिन्स, बीस्ट, फेन अशी सहा इतकी सुंदर लिहिलेली माणसं देऊन त्यातली दोन-तीन अशी पुसून टाकणं कथेलाही शोभत नाही.

लांडगा

दोघांनीच खेळायचं असेल तर लोन वुल्फ. दोन एपी जास्त, आयुष्य व आर्मरमध्ये भर, आणि अ‍ॅट्रिब्यूट व कॉम्बॅट अ‍ॅबिलिटीत घातलेला पॉइंट दुप्पट मोजला जातो, अर्थात कमाल मर्यादा तीच. मधल्या खेळात दोघं चौघांपेक्षा भारी पडतात. कमजोरी एकच: एक स्टन झाला की निम्मी पार्टी गेली. म्हणून दोघांकडेही फोर्टिफाय (जिओमॅन्सर १) आणि आर्मर ऑफ फ्रॉस्ट (हायड्रोसॉफिस्ट १) हवंच. यात ग्लास कॅनन घेऊ नका. ते घेतल्यावर आर्मर असलं तरी परिणाम लागतात, आणि दोघांच्या पार्टीत तोच धोका परवडत नाही.

टॅलेंट ३, ८, १३, १८ या लेव्हलना मिळतात. मारणाऱ्याला तिसऱ्या लेव्हलला एक्झिक्यूशनर द्या. प्रत्येक टर्नला पहिल्या शत्रूला मारल्यावर २ एपी परत मिळतात. ते आणि द पॉन हे टॅलेंट एकत्र घेता येत नाहीत.

घुबड

@लांडगा, ऑनर मोडसाठीही हेच लागू, पण तिथे सेव्ह एकच असतं आणि सगळे मेले की तेही जातं. म्हणून एकाला प्रत्येक मोठ्या लढाईत साखळी सोडून लांब उभं ठेवायचं, रिझरेक्ट स्क्रोल त्याच्याकडे. बाकी तिघांचं बिघडलं तर तो तिथून निघून जाऊ शकतो.