आयर्लंडचं १९९० : रॉबिन्सनबाईंची निवड मोठी, की कोळसाबंदी?

धुरकट
आयर्लंडचं १९९० म्हटलं की दोनच विषय निघतात. एक इटलीतला फुटबॉल विश्वचषक, दुसरा मेरी रॉबिन्सन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्या तो नोव्हेंबर. माझ्या मते त्या वर्षातली सर्वांत मोठी घटना १ सप्टेंबरची. त्या दिवसापासून डब्लिनमध्ये धुराचा, म्हणजे बिटुमिनस कोळसा विकायला बंदी आली.

सत्तरच्या दशकात तेल भडकल्यावर सरकारनेच लोकांना कोळशाकडे वळवलं होतं. शेकोटीच्या मागे पाणी तापवायचा बॉयलर बसवायला अनुदानंसुद्धा होती. आता घरातल्या उघड्या शेकोटीत हा कोळसा कमी तापमानावर जळतो. त्यातून निघणारे वायू पुरते जळत नाहीत आणि काजळी होऊन धुराड्याबाहेर पडतात. थंडीच्या, वारा पडलेल्या रात्री वर उबदार हवेचं झाकण बसलं की तो धूर छपरांच्या उंचीवरच कोंडतो. जानेवारी १९८२ च्या अशा धुरक्यात रुग्णालयातले मृत्यू वाढल्याचं तिथल्याच डॉक्टरांनी नोंदवलं होतं.

राज्यमंत्री मेरी हार्नी यांची खरी हुशारी मसुद्यात होती. बंदी जाळण्यावर नव्हती. बाजारात आणणं, विकणं, वाटणं यावर होती. जाळण्यावर बंदी घातली असती तर कुठल्या धुराड्याचा धूर कुठला हे सिद्ध करत बसावं लागलं असतं, आणि प्रत्येक घरात निरीक्षक घुसवणं कुठल्याच पक्षाला परवडलं नसतं. वखारी आणि ट्रक मात्र मोजके असतात. १९८७ च्या कायद्याखाली आधी बॅलीफर्मटसारखी एकेक वस्ती घेऊन घरोघरी शेगड्या बदलायचा घाट घातला होता. तो महाग होता आणि गोगलगाईच्या चालीने चालला होता. सप्टेंबरही विचार करून निवडलेला : हिवाळ्याची मागणी सुरू व्हायच्या आत.

निकाल? हवेतल्या काळ्या धुराची सरासरी घनमीटरला ५०.२ मायक्रोग्रॅमवरून १४.६ वर आली. आधीची सहा वर्षं आणि नंतरची सहा वर्षं अशी ही तुलना आहे.

दुसरी_पसंती
कोळशाला नमस्कार, पण निवडणूक एका वाक्यात उरकलीत ते पटलं नाही. ७ नोव्हेंबरच्या मतदानाचे आकडेच बघा.

पहिल्या पसंतीची मतं : लेनिहन (फिना फॉल पक्ष) ६,९४,४८४, रॉबिन्सन ६,१२,२६५, करी (फिने गेल पक्ष) २,६७,९०२. वैध मतं १५,७४,६५१, म्हणजे कोटा, जिंकायला लागणारी मतं, ७,८७,३२६. कोणीच पोचलं नाही, म्हणून करी बाद. त्यांच्या मतपत्रिका पुन्हा काढून दुसरी पसंती पाहिली : २,०५,५६५ रॉबिन्सनकडे, ३६,७८९ लेनिहनकडे, आणि २५,५४८ पत्रिकांवर पुढचा आकडाच नव्हता, त्या बाजूला पडल्या. अंतिम रॉबिन्सन ८,१७,८३०, लेनिहन ७,३१,२७३. आपल्याकडे पदवीधर मतदारसंघाची मोजणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको.

पक्षाचं यंत्र जिकडे वळवेल तिकडे मत, हे गणित त्या दिवशी मोडलं. १९८५ मध्ये मजूर पक्ष सोडलेल्या वकील रॉबिन्सनबाईंना त्याच पक्षाने उभं केलं, आणि फिना फॉलचा उमेदवार राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक पहिल्यांदाच हरला.

धुरकट
मोडलं कुठे, लेनिहननी स्वतःच्या हाताने मोडून दिलं. जानेवारी १९८२ मध्ये फिट्झजेराल्ड सरकार अर्थसंकल्पावर पडलं. त्या रात्री राष्ट्राध्यक्ष हिलरी यांनी संसद विसर्जित करू नये म्हणून फिना फॉलकडून त्यांना फोन गेले. आपण फोन केला नव्हता असं लेनिहन २२ ऑक्टोबरला टीव्हीवर म्हणाले, आणि एका संशोधक विद्यार्थ्याच्या ध्वनिफितीत ते नेमकं उलट बोललेले निघाले. ३१ ऑक्टोबरला पंतप्रधान हॉहींनी त्यांना उपपंतप्रधानपदावरून काढलं. मतदानाला उरले सात दिवस. याला लोकांचा कौल म्हणायचं की प्रतिस्पर्ध्याचा अपघात?

दुसरी_पसंती
अपघातानंतरही ते पहिल्या पसंतीत पुढेच होते हो! रॉबिन्सनना निवडून दिलं ते करींच्या ७६.७ टक्के मतदारांनी, आणि ती ध्वनिफितीची कृपा नव्हे. फिने गेलचा मतदार फिना फॉलला दुसरी पसंती द्यायला तसाही नाखूश असतो. आणि या पदाला अधिकार मोजकेच असले तरी त्यातला एक नेमका तोच, ज्यासाठी १९८२ मध्ये फोन गेले : बहुमत गमावलेल्या पंतप्रधानाला विसर्जन नाकारणं.

गोलकीपर
फुटबॉलला एका वाक्यात उडवू नका. पाच सामन्यांत दोन गोल, वेळेत एकही विजय नाही, तरीही उपांत्यपूर्व फेरी. २५ जूनला जेनोआत रुमानियाविरुद्ध ०-०, मग पेनल्टीत गोलरक्षक बॉनरने टिमोफ्टेचा फटका अडवला आणि ओ'लेरीने शेवटचा मारला. इटलीकडून ०-१ हरले.

आकडेमोड
इजिप्तविरुद्धचा ०-० सलग पाहिलेल्या कुणालाही दंड माफ असावा.

मुद्द्यावर येतो. धुरकट, तुम्ही धूर कमी झाल्याचं सांगितलंत, ते निर्विवाद. पण बंदीची कीर्ती २००२ च्या अभ्यासावर उभी आहे. त्यात एकूण मृत्यूदर ५.७ टक्के, श्वसनविकारांचा १५.५ आणि हृदयविकारांचा १०.३ टक्के घटल्याचं म्हटलं होतं. २०१३ च्या फेरतपासणीत त्याच संशोधकांपैकी काहींनी बंदी नसलेल्या भागांशी तुलना केली. तिथेही हृदयविकाराचे मृत्यू त्याच काळात घटत होते. श्वसनविकारांची घट टिकली, हृदयविकारांची नाही. तेव्हा "बंदीने वर्षाला अमुक शे जीव वाचले" हे वाक्य जपून वापरा. तुम्ही अजून वापरलं नाहीत, पण पुढच्या प्रतिसादात येणार होतं हे दिसत होतं.

धुरकट
येणार होतं, कबूल. पण श्वसनविकारांची घट तेवढी जरी उरली तरी माझं काम भागतं.

दुसरी_पसंती
मग ही बंदी देशभर न्यायला इतका वेळ का लागला? कॉर्कला १९९५, आणखी काही शहरांना १९९८, आणि सगळ्या देशाला लागू असलेले नियम ऑक्टोबर २०२२ मध्ये. एका शहरापुरती चूल बदलणं आणि देशाची घडी बदलणं यात फरक आहे.

आकडेमोड
याचं उत्तर त्या कायद्याच्या हुशारीतच आहे. विक्रीवरची बंदी शहराच्या हद्दीपुरती होती. हद्दीबाहेरच्या वखारीतून पोतं गाडीत टाकून आणणाऱ्याला ती रोखत नव्हती. पुढे घन इंधनावर कार्बन कर आला तेव्हा उत्तर आयर्लंडमधून स्वस्त कोळसा येऊ लागला. शिवाय पीट, म्हणजे दलदलीतून कापलेली वाळलेली माती, हे ग्रामीण भागातलं इंधन. त्याला हात लावला तर मतं जातात.

कायदेपंडित
दोघांचंही एक सुटलं. हार्नी प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्सच्या, आणि लेनिहनना काढा नाहीतर आघाडी सोडतो असं हॉहींना सांगणारा पक्षही तोच. म्हणजे ज्या दोन घटनांवर तुम्ही इथे भांडताय, त्या दोन्हींमागे एकाच छोट्या भागीदाराचा हात होता. त्याच वर्षी जुलैत फाशीची शिक्षाही कायद्यातून गेली, तिच्याबद्दल मात्र कुणी धागा काढत नाही. शेवटची फाशी १९५४ ची होती, म्हणून असेल.

धुरकट
हे आधी ध्यानात आलं असतं तर धाग्याचं शीर्षकच वेगळं दिलं असतं. दुसरी_पसंती, आता प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्सवर भांडू या का?