आईची साठी 🤫 (आईला ॲड करू नका)

दादा: आईचं स्मार्टवॉच आजच मागवतोय. गॅलेक्सी वॉच 7, 44 मिमी.

मी: 44?? आईच्या हातावर डब्याचं झाकण दिसेल ते.

दादा: 40 नि 44 मध्ये फरक तो केवढा! शिवाय मोठ्याची बॅटरी 425 एमएएच, छोट्याची 300.

मी: बॅटरीचं मान्य. पण आधी मनगट मोजूया ना.

दादा: मोजायचं काय त्यात, आईची बांगडी 2-2 ची. म्हणजे सव्वादोन इंचाला थोडी कमी, व्यास 54 मिमी. घेर झाला 17 सेंमी. आरामात बसेल.

वहिनी: अहो, बांगडी मुठीवरून आत जावी म्हणून त्या मापाची घेतात. एकदा गेली की निम्म्या हातापर्यंत फिरते. मनगटाचा काय संबंध 😄

मावशी: माझी 2-4. मनगट म्हणाल तर काडी.

मी: बाबा, तुम्हीच दोरा घ्या. मनगटाच्या हाडाच्या जरा वर गुंडाळा आणि पट्टीवर मोजा.

बाबा: झोपली की बघतो.

बाबा: दोरा लावताच जागी झाली. डास होता म्हटलं.

मावशी: 😂😂😂

बाबा: मग तिचं जुनं एचएमटी काढलं. शेवटच्या भोकात अडकवते, आणि ते भोकही टोच्याने पाडून घेतलेलं. सपाट ठेवून बक्कलपासून त्या भोकापर्यंत मोजलं. 138 मिमी.

मी: बघ दादा. 17 सेंमी म्हणे!

दादा: बरं बाई. ॲपलच्या 40 मिमीवाल्या घड्याळाचा पट्टा 130 पासून बसतो.

मी: आणि आयफोन कोण देणार, तू? त्याशिवाय ते चालतच नाही.

वहिनी: नुसता घेर बघू नका. मनगटाची वरची सपाट बाजू किती रुंद आहे ते बघा. पट्टा जिथे जोडतात ती टोकं हाताबाहेर गेली की घड्याळ डुलतं. खालच्या, नाडी मोजणाऱ्या हिरव्या दिव्यांच्या जागी बाहेरचा उजेड शिरतो आणि ठोके काहीही दाखवतं. माझं आधीचं असंच होतं. पोळ्या लाटताना 150 आणि जिना चढून आले तरी 72!

मी: गार्मिनची लिली 2 बघा. जेमतेम 35 मिमी, पट्टा 110 पासून. हात वळवला की काचेखाली आकडे उमटतात, एरवी साधं घड्याळच.

दादा: त्यात स्पीकर नाही, फोनवर बोलता येणार नाही.

मावशी: ती फोन लांब धरून ओरडूनच बोलते. घड्याळात कशाला बोलेल?

मी: बाबा, पुठ्ठ्याचे 35, 40 आणि 44 मिमीचे गोल कापून हातावर ठेवून बघा. पाटल्या काढायला लावू नका, त्यांच्यासकट बघा.

बाबा: कापले. उशीखाली ठेवले होते, तिला सापडले.

मी: बाबा!!

बाबा: "हे काय?" म्हणाली. कॅरमच्या सोंगट्या म्हटलं. विश्वास बसला नाही. मग तिघंही मनगटावर ठेवून बघितले. छोटा बरा, पाटलीला लागत नाही म्हणाली.

दादा: आणि 44?

बाबा: डायनिंग टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवला.