यंत्रमागाच्या गावात डावं राजकारण समजावणारं यूट्यूब चॅनल: सुरुवात कुठून करावी?

कांडीवाला

इचलकरंजीतून आम्ही तिघं मराठी चॅनल सुरू करतोय. डावं राजकारण म्हणजे नेमकं काय, हे मागावर उभं राहणाऱ्याला, खर्चीवाल्याला (व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणारा छोटा मागमालक) आणि त्यांच्या घरातल्या पोरांना कळावं, एवढाच हेतू. पक्षाचं चॅनल नाही. दोन अँड्रॉइड फोन, एक जुना लॅपटॉप (८ जीबी रॅम) आणि १५,००० रुपये आहेत.

भागांची यादी अशी: डावे-उजवे म्हणजे काय, मार्क्स कोण होता, भांडवलशाही म्हणजे काय, रशियन क्रांती, भारतातल्या कम्युनिस्ट पक्षांचा इतिहास, वरकड मूल्य (कामगाराने घातलेल्या किमतीतून त्याची मजुरी वजा जाता मालकाकडे उरणारा भाग). प्रत्येक भाग साधारण वीस मिनिटांचा.

यादी बरोबर आहे का? पैसे कशावर खर्चावेत? अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांची गाणी पार्श्वभूमीला वापरली तर चालतात का? आणि कायद्याच्या बाजूने काय सांभाळायचं?

आडवा_धागा

यादी उलटी करा. वरकड मूल्य सहावं ठेवलंय ते पहिलं घ्या, पण तो शब्द न उच्चारता. डावे-उजवे सगळ्यात शेवटी. १७८९ च्या फ्रेंच सभागृहात कोण कुठल्या बाजूला बसलं होतं, हे ऐकायला बारा तासांची पाळी करून आलेला माणूस थांबत नाही. स्वतःच्या मजुरीचा हिशेब असेल तर थांबतो.

तो हिशेब तुमच्या गावात आयता पडलेला आहे. ५२ पिकी कापड घ्या. इंचाला ५२ आडवे धागे, मीटरमध्ये ३९.३७ इंच, म्हणजे मीटरला सुमारे २,०४७ पिकं. साधा माग मिनिटाला १५० पिकं टाकतो असं धरा. १२ तासांत १,०८,००० पिकं, म्हणजे जवळपास ५३ मीटर. धागा तुटणं, कांडी (आडव्या धाग्याची गुंडाळी) बदलणं, वीज जाणं धरून ८० टक्के काढा: ४२ मीटर. एक कामगार आठ माग सांभाळतो, म्हणजे पाळीला ३३६ मीटर.

आता दर. आकडे तुमच्या शेडमधलेच टाका, मी फक्त पद्धत दाखवतो. समजा कामगाराला मीटरमागे दीड रुपया मिळतो: पाळीचे ५०४ रुपये. समजा व्यापारी खर्चीवाल्याला पिकामागे १० पैसे देतो (इथे पीक म्हणजे इंचातला ५२ चा आकडा, मीटरमधली सगळी पिकं नव्हे): मीटरला ५२ गुणिले १० पैसे, म्हणजे ५.२० रुपये, पाळीला १,७४७ रुपये. मधल्या १,२४३ रुपयांतून वीज, कांडी भरणं, जॉबर (माग दुरुस्त करणारा), शेडभाडं, मागाची झीज आणि कर्जाचा हप्ता वजा करा. उरतं ते पडद्यावर दाखवा.

इथेच नवखी चॅनलं घसरतात. उरलेली रक्कम दाखवून "मालक लुटतो" म्हणतात. आठ मागांचा खर्चीवाला कित्येकदा स्वतःच एक पाळी मागावर काढतो, सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, दरही व्यापाऱ्याचा. तो मालक की मजूर? हा प्रश्न उघडा ठेवून भाग संपवा. पुढच्या भागात सुताच्या भावावर आणि व्यापाऱ्यावर या. वर्ग म्हणजे श्रीमंत-गरीब नव्हे, उत्पादनात कोणाची जागा कुठे आहे ते, हे दोन भागांत कळतं आणि खर्चीवालाही चॅनल बंद करत नाही. तो तुमचा निम्मा प्रेक्षक आहे.

तिसरा भाग उसावर करा, कारण शिरोळ-हातकणंगल्यात घरटी ऊस आहे. २०२५-२६ ची एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. यातला अवघड मुद्दा टाळू नका: तोडणीचा दर वाढवून मागणारा मजूर आणि तो दर ज्याच्या बिलातून कापला जातो तो शेतकरी, दोघंही कष्टकरीच. डाव्यांचीही इथे पंचाईत होते. ती पडद्यावर दिसली तर लोक तुम्हाला पक्षाचा भोंगा समजणार नाहीत. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायको मिळून एक नग, उचल (आगाऊ रक्कम) मुकादमाकडून, आणि बाईची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही, हे एवढं सांगितलं तरी स्त्रीप्रश्नाचा भाग अर्धा झाला.

लांबी सात मिनिटं. बोली मराठीत मिनिटाला ११०-१२० शब्द धरा, म्हणजे संहिता ८०० शब्दांची. वीस मिनिटांत एकच गोष्ट तीनदा सांगितली जाते.

शब्दांबद्दल: 'सर्वहारा', 'उत्पादन संबंध', 'अधिरचना' हे शब्द संहितेत आले की खोडा. कामगार, धंदा कसा चालतो, कायदा-शाळा-टीव्ही असं लिहा. भाषांतरित पुस्तिकांची मराठी कानाला लगेच कळते. कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे व्याख्यानात जशी छोटी वाक्यं बोलत, तशी लिहा.

जॉबर

मी फक्त सामानाचं सांगतो.

१५,००० सगळे लागणार नाहीत. वायरवाले कॉलर माइक दोन (एक हजाराच्या आसपास मिळतो), दीड हजाराचा ट्रायपॉड, एक टीबीची हार्डडिस्क. १०८०पी ला मिनिटाला १३० एमबीपर्यंत जागा जाते, एका भागाचं कच्चं चित्रण तासभर झालं तर ८ जीबीच्या घरात. उरलेले पैसे राखून ठेवा. कॅमेरा घेऊ नका. लोक धूसर चित्र सहन करतात, घुमणारा आवाज नाही.

घुमणं बंद करायला फोम लागत नाही. लहान खोली, मागच्या भिंतीला दोन गोधड्या, खाली सतरंजी, पंखा बंद. माइक हनुवटीच्या एक वीत खाली, शर्टाच्या घडीला घासणार नाही असा. आवाजाची टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. मीटरवर लाल टोकाला गेलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

मागाच्या शेडमध्ये बोलायचा प्रयत्नही करू नका, खडखडाटात कुठलाच माइक टिकत नाही. शेडमध्ये फक्त चित्र घ्या आणि मागाचा अर्धा मिनिट आवाज वेगळा टिपून ठेवा, तो निवेदनाखाली अगदी बारीक सोडायचा.

ट्यूबलाइट, एलईडीखाली पट्ट्या सरकताना दिसतात, त्याचं कारण आपली वीज ५० हर्ट्झची. फोनमध्ये मॅन्युअल मोड लावून शटर १/५० किंवा १/१०० करा, फ्रेम रेट २५ मिळत असेल तर २५. आपोआप सोडलं की फोन कधी कधी १/६० घेतो आणि पट्ट्या येतात.

संकलनासाठी ८ जीबी रॅमवर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह चालतं, दोन्ही मोफत. प्रॉक्सी (संकलनापुरत्या हलक्या फायली) चालू करा, नाहीतर लॅपटॉप गुदमरतो. पडद्यावरच्या देवनागरी पाट्यांची मात्र पंचाईत: काही मोफत ॲपांत जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो, 'ऱ्या' तर हमखास मोडतो. पाटी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करून पीएनजी म्हणून टाका. मुक्त परवान्याचे मुक्ता आणि बलू हे फाँट लहान पडद्यावरही वाचता येतात. थंबनेलवर चार शब्दांहून जास्त नको.

कलम_५२

गाण्यांबद्दल आधी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघंही १९६९ मध्ये गेले, म्हणजे शब्दांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, प्रसिद्धीपासून ६० वर्षं, आणि तो बहुधा कंपनीकडे असतो. परवानगी न घेता वापरलंत तर यूट्यूबवर हक्काचा दावा (क्लेम) किंवा चॅनलवर कारवाई (स्ट्राइक). फुले १८९० मध्ये गेले, तेव्हा त्यांची 'अखंड' नावाची पदं बिनधास्त घ्या. आंबेडकरांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लिखाणावरचा हक्क २०१६ अखेर संपला. तुकारामांचे शब्द मोकळे आहेत, पण गायकाची तबकडी मोकळी नाही. स्वतः डफ घेऊन म्हटलंत तर प्रश्नच मिटला.

क्लेम आणि स्ट्राइक एक नव्हेत. क्लेममध्ये बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात. स्ट्राइक ९० दिवस राहतो आणि त्या मुदतीत तीन झाले की चॅनल जाऊ शकतं. वृत्तसंस्थांच्या दहा सेकंदांच्या क्लिपवरूनही स्ट्राइक येतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षा आणि चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी रास्त वापराची मुभा आहे, पण तो बचाव आहे, कवच नव्हे. वाद लढायचा ठरला तरी दहा-चौदा कामाचे दिवस व्हिडिओ बंद. त्यापेक्षा सभागृहात मांडलेले समित्यांचे अहवाल, राजपत्र, न्यायालयांचे निकाल वापरा. त्यांना याच कलमात सवलत आहे आणि पडद्यावर कागद दाखवला की वजनही पडतं.

पैसा: वर्गणी घेणार असाल तर परदेशातल्या मित्रांबाबत सावध राहा. परकीय देणग्यांचा कायदा एफसीआरए, २०१० च्या कलम ३ नुसार दृकश्राव्य बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम करणाऱ्या संस्थेला किंवा कंपनीला परकीय देणगी घेता येत नाही. पुण्याहून न्यू जर्सीला गेलेल्याने अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असूनही तो परकीय स्रोत धरला जातो. भारतीय पारपत्र असलेला आपल्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परकीय देणगी नाही. नाव आणि नागरिकत्व विचारल्याशिवाय क्यूआर कोड परदेशी गटांत टाकू नका.

लोकसभा-विधानसभेच्या मतदानाआधीच्या ४८ तासांत निवडणुकीवरचा भाग टाकू नका (लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १२६). जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकात 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या' संघटना असा शब्दप्रयोग आहे. सभागृहात डहाणूचे माकपचे (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष) आमदार विनोद निकोले यांनी त्याला विरोध केला होता. चॅनलच्या नावातून आणि वर्णनातून घटनात्मक, संसदीय मार्गाची भूमिका स्वच्छ दिसू द्या आणि प्रत्येक भागाची संहिता संदर्भांसह तारीखवार जपून ठेवा.

निळा_लाल

'आडवा_धागा' यांच्याशी निम्मा सहमत. 'डावे' हा शब्द शेवटपर्यंत लपवायचा हे मला पटत नाही. सहाव्या भागाला प्रेक्षकाला कळतं की हे डावे आहेत, आणि मग फसवल्यासारखं वाटतं. चॅनलच्या वर्णनात पहिल्या ओळीतच लिहा. भागात मुद्द्यापासून सुरुवात करा, ते ठीक.

दुसरं, यादीत जात नाही. महाराष्ट्रात पहिल्या दहा प्रतिक्रियांत तो प्रश्न येणारच. उत्तर कापडातूनच द्या. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात मजुरी जास्त होती आणि अस्पृश्य कामगारांना तिथे घेत नसत, कारण तुटलेला धागा थुंकी लावून जोडावा लागे. १९२८ च्या संपात आंबेडकरांनी हाच मुद्दा कम्युनिस्ट पुढाऱ्यांसमोर ठेवला. दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्धच्या संपात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. त्याच वर्षी जानेवारीत खोतीविरुद्ध (कोकणातली जमीनदारी) शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत निघाला होता. भांडण आणि सोबत दोन्ही दाखवा. एकच दाखवलंत तर दोन्हीकडून शिव्या खाल.

पक्षांच्या इतिहासाला एक भाग पुरे: भाकप १९२५, माकप १९६४, आणि महाराष्ट्रात शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) १९४७. फुटींच्या तात्त्विक कारणांत शिरलात की बाहेर येणं नाही. त्यापेक्षा वारली उठाव आणि मार्च २०१८ चा नाशिक-मुंबई लाँग मार्च एका भागात जोडा. सुमारे १८० किलोमीटर लोक चालले, त्यांत वनजमिनीच्या दाव्यांसाठी आलेले आदिवासी मोठ्या संख्येने होते. वारली उठावाच्या पुढारी गोदावरी परुळेकरांच्या काळात वेठबिगार होता, आता दावा फेटाळल्याचा कागद आहे.

कांडीवाला

सगळ्यांचे आभार. यादी बदलली: मीटरचा हिशेब, खर्चीवाला, ऊस, कोयता, विणाई खातं, मग लाँग मार्च. वर्णनात 'डावे' लिहितोय. दोन शंका राहिल्या. कामगार कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार आहेत, त्यांचे चेहरे दाखवावेत का? आणि तीन महिन्यांत किती सबस्क्रायबर म्हणजे ठीक?

आडवा_धागा

चेहरे नकोत. तयार असले तरी नकोत. हात, माग, बॉबिन दाखवा आणि त्यांचं म्हणणं तुमच्यापैकी कोणीतरी वाचा. नुसता आवाज बदलून भागत नाही, छोट्या शेडमध्ये बोलण्याची लकब आणि मागची भिंत दोन्ही ओळखू येतात. चित्रणाच्या वेळी भिंतीवरचं कॅलेंडर, शेडचं नाव, गाडीचा नंबर फ्रेमबाहेर.

सबस्क्रायबर मोजू नका. जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणं लागतं. ते पहिल्या वर्षी डोक्यातून काढा. यूट्यूब स्टुडिओतला रिटेन्शनचा (कोण किती वेळ टिकलं त्याचा) आलेख बघा: पहिल्या तीस सेकंदांत निम्मे पळाले तर नमस्कार-चमत्कार आणि चॅनलची ओळख कापा, थेट "५२ पिकी कापडाला मीटरमागे तुला किती मिळतात?" इथून सुरू करा. मधेच खड्डा दिसला तर त्या सेकंदाची संहिता काढून वाचा, बहुतेक वेळा तिथे नवा शब्द न सोडवता टाकलेला असतो.

जॉबर

जोड: प्रत्येक भागातून तीस सेकंदांचा उभा तुकडा व्हॉट्सॲप स्टेटससाठी काढा, पाट्यांसकट. शेडमध्ये आवाज ऐकू येत नाही, पाटी वाचली जाते. पाळी बदलायच्या अर्धा तास आधी टाका.