सांगडीवरची मोटार

पूल नव्हते तेव्हा मोटारी खाडीपलीकडे न्यायच्या कशा, असं एकाने विचारलंय. फेरीबोटींबद्दल इतरांनी बरंच लिहिलंय, पण त्याआधी सांगड होती. दोन होड्या शेजारी बांधायच्या, वर फळ्यांचा माचा, त्यावर एकच गाडी. माणसं आधी उतरवायची. ड्रायव्हर एकटा दोन फळ्यांवरून अंदाजाने गाडी चढवणार आणि खाली उभे चारजण "डावीकडं घ्या, अजून घ्या" म्हणून ओरडणार! चाकांखाली दगड सारले की वल्ही मारायची. खरी सत्ता मात्र भरती-ओहोटीची. पाणी ओसरलं की मध्ये चिखल आणि फळ्यांना भलताच चढ. मग बसा धक्क्यावर. एसटीचं सोपं होतं: प्रवासी तरीतून, म्हणजे होडीतून, पलीकडे, तिथं दुसरी गाडी उभी.

हे सगळं फार जुनं समजू नका. ५ जुलै १९८६ला गोव्यात मांडवी नदीवरचा पूल कोसळला, तेव्हा पणजी-बेतीचा भार पुन्हा फेरीबोटींवरच आला. दाभोळहून गुहागरला जायचं तर चिपळूणच्या वळशापेक्षा खाडीपलीकडच्या धोपाव्याची फेरीबोट केव्हाही परवडते. फक्त पावसाळ्यात आधी चौकशी करून निघा.